दाखला उद्या मिळेल

मागच्या वर्षी शाळा उघडली आणि मला एक वाईट खोड लागली. फळ्यावर प्रमेय लिहिता लिहिता मध्येच वळून मी वर्गातली डोकी मोजायची. एखादं कमी भरलं की छातीत धस्स व्हायचं. मग कळायचं, पोरगी पाणी प्यायला गेली आहे. गणित शिकवणाऱ्या बाईवर बेरजेनं वेड लागायची पाळी आली होती!

आमची शाळा आर्वी रस्त्यावरच्या एका खेड्यात. मी सिंदी मेघेहून रोज जाऊन-येऊन करायचे. नववी-दहावीचा पट अगदी काठावर होता. आणखी एक नाव कमी झालं तर एक शिक्षक 'अतिरिक्त' ठरणार होता, आणि सेवाज्येष्ठतेत सगळ्यात खाली मीच होते. अतिरिक्त म्हणजे जिल्ह्याच्या कुठल्याही टोकाच्या शाळेत रवानगी. इतकी वर्षं खडू झिजवल्यावर माणसाला अतिरिक्त म्हणतात! घरात उरलेल्या भातालासुद्धा मी असं म्हणत नाही.

मे महिन्याच्या उन्हात आम्ही शिक्षक दारोदार हिंडून पोरं गोळा करून आलो होतो. आणि पहिल्याच आठवड्यात नववीतल्या एका मुलीची आई दारात उभी.

"मॅडम, दाखला पायजे होता. वर्ध्याच्या होस्टेलात नंबर लागला पोरीचा."

शाळेचे बाबू निवृत्त झाल्यापासून दाखले लिहायचं काम माझ्याच गळ्यात पडलं होतं. कोरा फॉर्म टेबलाच्या खणात होता. मी म्हटलं, "मुख्याध्यापक मीटिंगला गेलेत. उद्या या." मुख्याध्यापक पलीकडच्या खोलीत चहा पीत होते.

दुसऱ्यांदा आली तेव्हा मी दाखल्याची सरकारी साइट बंद असल्याचं सांगितलं. तेवढं मात्र कुणालाही खरंच वाटतं. घरी येताना बसमध्ये मी स्वतःशी हिशेब मांडत होते, की पटपडताळणी होईपर्यंत ही पोरगी थांबली तर काय बिघडणार आहे? रात्री जेवण गेलं नाही.

तिसऱ्यांदा ती पोरीला घेऊनच आली. आईच्या पायांना शेतातला चिखल तसाच होता.

"उद्या शेवटची तारीख आहे, मॅडम. सरकी लावाची सोडून तीनदा आली मी. नसन द्याचा तं तसं सांगा."

चूक माझी होती आणि राग मलाच आला. "मला काय एकच काम आहे? वर्ग घ्यायचे, माहिती भरायची, त्यात तुमची घाई!" असं काय काय मी बोलून गेले. ती बिचारी व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकून बसली.

पोरगी तिथंच उभी राहिली. वर्गात सगळ्यात आधी हात वर करणारी पोरगी ती. आता मान खाली घालून म्हणाली, "मॅडम, मी गेली तं तुमाले दुसऱ्या शाळेत पाठवतात म्हणे. सर लोक बोलत होते. मी नाई गेली तं चालन. आईले मी समजावते."

मी तिच्याकडे बघूच शकले नाही. तेरा-चौदा वर्षांची पोर माझी नोकरी वाचवायला निघाली होती, आणि मी तिच्या आईला दोनदा परत पाठवलं होतं. खण उघडला, फॉर्म काढला. नाव, जन्मतारीख भराभर लिहिली. 'वर्तणूक' या रकान्यात 'उत्तम' लिहिताना पेन थांबला.

"मॅडम, खरंच चालन..." ती पुन्हा म्हणाली.

"नाही चालणार!" मी ओरडले. "घे हा दाखला, सरांची सही घे आणि नीघ. पुन्हा इथं दिसायचं नाही."

तिचे डोळे भरून आले. कागद छातीशी धरून ती पळतच बाहेर गेली. ती शाळा सोडून गेली म्हणून मॅडम रागावल्या, असंच तिला आजही वाटत असेल.