मैदानाकडे पाठ

दगडी पायऱ्या उन्हाने इतक्या तापलेल्या असायच्या, की अण्णा आधी आपला रुमाल पसरायचे, त्यावर कालच्या वर्तमानपत्राची घडी ठेवायचे आणि मग मला म्हणायचे, "हां, बस आता." तरी फ्रॉकच्या कडेतून चटका लागायचाच. खाली तांबड्या मातीचं मैदान, त्यावरून पाण्याचा टँकर नुकताच फिरून गेलेला. त्या ओल्या मातीचा वास, कुणीतरी सोललेल्या संत्र्यांचा, भाजक्या शेंगांचा, आणि अगदी माझ्या शेजारी, अण्णांच्या शर्टात आठवडाभर मुरलेला प्रयोगशाळेचा उग्र दर्प... अण्णा म्हणजे माझे वडील. कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते सहायक होते. घरी मीठ मागायचं तरी हलक्या आवाजात मागणारा हा माणूस सामना सुरू झाला की ताडकन उभा राहायचा आणि चार पायऱ्या खालच्या माणसांनी वळून पाहावं अशा आवाजात ओरडायचा, "अरं पुढं जा की! पुढं!"

आमच्या कोल्हापुरात फुटबॉलचं वेड पेठापेठांतून वाटलेलं. ज्याची त्याची तालीम, म्हणजे पेठेचा संघ, ठरलेली, आणि तालमीवरून सख्खे भाऊसुद्धा मोसमभर अबोला धरायचे. अण्णांनी मात्र कॉलेजचा संघ आपला मानला होता. त्याचं कारण साधं होतं — ती पोरं आठवडाभर त्यांच्यासमोर परीक्षानळ्या फोडायची, आणि शनिवारी तीच पोरं मैदानात उतरायची. कुणाचा हात थरथरतो, कोण घाईने आम्ल ओततो, हे अण्णांना ठाऊक असायचं. त्यावरून कोण गोल मारील आणि कोण चुकेल याचे आडाखे ते बांधायचे, आणि ते बऱ्याचदा खरे ठरायचे.

दुःख एकच होतं, ते म्हणजे इंगवले सर. कॉलेजचे क्रीडाशिक्षक आणि संघाचे प्रशिक्षक. उंच, सावळे, डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी. त्यांचं तंत्र साऱ्या गावाला पाठ झालं होतं: दहाजण मागे उभे करायचे, चेंडू आला की आभाळात भिरकावायचा आणि पुढच्या एकट्या पोराने त्यामागे धावायचं. रफिक नावाचा एक डावखुरा मुलगा होता. चेंडू घेऊन निघाला की पायऱ्यांवरच्या शेंगा सोलायच्या थांबत. त्याला सरांनी बचावाला लावलं. "वाघाला गोठ्यात बांधलाय," अण्णा म्हणायचे, आणि रात्रीच्या जेवणापर्यंत ते वाघाचं दुःख आमच्या घरात फिरत राहायचं. पोरांच्या जुन्या जर्नलांच्या कोऱ्या पाठीवर तांबड्या पेन्सिलीने ते आपला संघ मांडायचे. एका बाजूला क्षारांचं पृथक्करण, दुसऱ्या बाजूला पुढे सरकलेला रफिक. आई म्हणायची, "सरांना दाखवा की जाऊन." अण्णा लगेच पेन्सिल खाली ठेवायचे. तोंडावर बोलणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

मला चेंडूत फारसं गम्य नव्हतं. मी माणसं पाहायची. आणि माणसं पाहता पाहता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती, जी त्या शेकडो जाणत्यांपैकी कुणालाच दिसत नव्हती, कारण ते सगळे चेंडूमागे होते... आपली पोरं मध्यरेषा ओलांडून पुढे गेली की इंगवले सर मैदानाकडे पाठ करायचे. पाण्याची बाटली उचलायचे, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायचे, नाहीतर नुसतेच कुंपणाच्या भिंतीकडे पाहत उभे राहायचे. गलका ओसरला की हळूच वळायचे. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आपल्याला एक गुपित सापडलंय, याचाच आनंद मोठा होता.

सलग तिसऱ्या वर्षी आम्ही उपांत्य सामन्यात टायब्रेकरवर हरलो, तेव्हा अण्णांचा संयम सुटला. त्यांनी प्राचार्यांना निवेदन लिहायला घेतलं. आता अडचण अशी, की कॉलेजातल्या प्रत्येक बाटलीवरची चिठ्ठी अण्णांच्या हातची. त्यांचं अक्षर शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे ओळखत. म्हणून कच्चा मजकूर त्यांचा आणि पक्की प्रत माझी, असं ठरलं. मी सहावीत होते. अक्षर गोल, टपोरं, शाळेत बक्षीस मिळवलेलं. स्वयंपाकघरात पाटावर कागद ठेवून, फोडणीच्या वासात, मी ते लिहीत बसले — 'संघाची आक्रमणाची दिशा', 'गुणी खेळाडूंवर अन्याय', असे भारदस्त शब्द. खाली 'आपले नम्र, काही फुटबॉलप्रेमी'. लिहिता लिहिता मला वाटलं, यात खरी गोष्ट तर आलीच नाही. आणि मी माझ्या मनाचं एक वाक्य घातलं: 'आपले खेळाडू पुढे गेले की सर घाबरून मैदानाकडे पाठ करतात.'

त्याच वाक्याने घात केला. बाकीचं निवेदन प्राचार्यांनी म्हणे वरवर वाचून बाजूला ठेवलं होतं. दरवर्षी अशी दोनचार येतच. पण हे वाक्य त्यांनी बैठकीत मोठ्याने वाचलं. कुणीतरी हसलं. इंगवले सर खुर्चीवरून उठले, गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली आणि खाली बसले. हे अण्णांनीच घरी येऊन आईला सांगितलं, चहा न घेता. मी दाराआड होते. मला वाटलं, आता ते मला हाक मारतील. त्यांनी मारली नाही.

सरांची नोकरी राहिली, संघ गेला. त्यांच्याकडे जिमखान्याची खोली आली. कॅरमच्या सोंगट्या मोजून द्यायच्या, जाळी शिवायची, चेंडूंत हवा भरायची. नवे प्रशिक्षक आक्रमक निघाले. पहिल्याच सामन्यात सगळी पोरं पुढे गेली आणि आम्ही सहा गोलांनी हरलो. अण्णा त्या दिवशी खूश होते. "हरलो, पण खेळलो," असं म्हणत त्यांनी वाटेत मला जिलेबी घेऊन दिली. मला ती काही गोड लागली नाही...

या गोष्टीला पस्तीसेक वर्षं झाली असतील. मी परदेशात, डेल्फ्टला, पीएचडीसाठी आले, इथेच नोकरी लागली, इथेच राहिले. माझी मुलगी ईरा इथल्या पावसात, इथल्या सायकलींवर वाढली. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र डचमधून येतं. साथीच्या पहिल्या शरदात ती नऊ वर्षांची होती आणि गल्लीतल्या क्लबात फुटबॉल खेळत होती. बाहेरच्या संघांशी सामने बंद. क्लबातल्याच मुलांचे दोन गट पाडून शनिवारी सकाळी खेळवत. आईबापांना आत मज्जाव. आम्ही झुडपांच्या कुंपणाबाहेर सायकली टेकवून, एकमेकांपासून अंतर राखून उभे राहायचो. ओल्या गवताचा वास, मास्कमध्ये अडकलेला स्वतःचाच कॉफीचा वास, आणि झुडपाच्या फटीतून मी धरलेला फोन. त्या फोनवर, कोल्हापुरात दुपारचं जेवण उरकून बसलेले, पंचाहत्तरीचे अण्णा. ते सात-आठ महिने घराबाहेर पडले नव्हते. फोनमधून त्यांचा आवाज कुंपणावर घुमायचा, "अगं पुढं जा की, ईरा!" शेजारचा डच बाप दचकून पाहायचा. मी हसून हात हलवायची.

आणि ईराला प्रशिक्षक बचावाला ठेवत होता! सगळ्यांत वेगाने पळणारी पोर, आणि ती गोलाजवळ उभी राहून गवत उपटतेय. हा प्रशिक्षक म्हणजे मार्टाइन, ईराच्या मैत्रिणीचा बाप, पेशाने दंतवैद्य. इथे मुलांना शिकवायचं काम पालकच करतात, बिनपगारी. "लिही की त्याला," अण्णा म्हणाले. मी लिहिलं — लांबलचक, अदबशीर मेल, संघाच्या आक्रमणाच्या दिशेबद्दल. उत्तर तासाभरात आलं, दोन ओळींचं. मला खोकला आहे, चाचणीच्या निकालाची वाट पाहतोय, शनिवारी तूच घे संघ. त्यात राग नव्हता. इथे तक्रार करणाऱ्याच्या हाती काम देतात, इतकंच.

शनिवारी मी कुंपणाच्या आत होते. फोन बाहेर, नवऱ्याच्या हाती. ईराला मी अर्थातच पुढे ठेवलं. पाचव्या मिनिटाला तिला चेंडू मिळाला आणि ती निघाली... तिच्या मागे मोकळं हिरवं मैदान पसरत गेलं. आता चेंडू हिच्याकडून हुकला तर सगळे हिच्याकडेच पाहतील — एवढंच मनात आलं. माझ्या तोंडून निघालं, "ईरा, मागे! मागे ये!" आणि पुढे काय झालं ते मी पाहिलंच नाही, कारण मी झुडपांकडे तोंड करून उभी होते.

ते ध्यानात आलं तेव्हा मला इंगवले सर आठवले. सर हरण्याला भीत नव्हते. पोरांसाठी भीत होते. आणि त्या वर्षी तर आपण सगळेच तसे जगत होतो, आपल्या माणसाला उंबऱ्याबाहेर पाठवताना जीव मुठीत धरून.

घरी आल्यावर चिखलाचे बूट काढता काढता फोन वाजला. "काय गं, इंगवले सरच झालीस की आज!" अण्णा खदखदून हसत होते. मला हसू येईना. मी म्हटलं, "अण्णा, निवेदनातलं ते पाठ फिरवायचं वाक्य माझं होतं. तुम्ही सांगितलं नव्हतं. मीच घातलं."

ते म्हणाले, "ठाव हाय मला. पाकीट चिकटवायच्या आधी दोनदा वाचलं होतं मी."

"मग काढलं का नाही?"

"कामाचं होतं म्हणून." पडद्यावर नुसतं त्यांचं कपाळ दिसत होतं. "पुढं निवृत्त होईस्तवर त्या माणसानं मला रोज नमस्कार केला बघ. कुणी लिहिलं ते त्याला कधी कळलं नाही. आता दोन गल्ल्या सोडूनच राहतोय. मी उद्या जातो. मास्क लावतो, दारातनंच सांगतो आणि येतो."

मला वाटलं, सत्तर ओलांडलेली दोन म्हातारी माणसं, एकमेकांसमोर, अशा दिवसांत... "नका जाऊ, अण्णा," मी म्हणाले. "बाहेर पडू नका. विमानं सुरू झाली की मी येते, मग दोघं जाऊ. वाक्य माझं आहे." त्यांनी सरांना निदान फोन करू का विचारलं. मी म्हटलं, असलं काही फोनवर सांगायचं नसतं, घरी जाऊन, समोर बसून सांगायचं असतं. हे मी त्यांच्याकडूनच शिकले होते. आमच्याकडे लग्नाची अक्षत आणि चुकीची कबुली घरी जाऊनच देतात. त्यांनी माझं ऐकलं.

माझं तिकीट दोनदा रद्द झालं. वसंत आला, कालव्याकाठी ट्यूलिप फुलले, ईरा पुन्हा बचावाला गेली आणि मी मार्टाइनला एका शब्दाने काही बोलले नाही. मग एका दुपारी, मी कामाच्या बैठकीत असताना, अण्णांचा फोन आला. सर गेले होते. चार दिवस रुग्णालयात होते. गल्लीला बांबू बांधले होते, कुणालाच पुढे सोडलं नाही. अण्णा कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले.

"चुकलंच माझं," ते म्हणत होते. "दोन गल्ल्या गं. जायला पाहिजे होतं. मीच थांबलो, मीच म्हणालो, पोरगी आली की जाऊ."

ते त्यांनी म्हटलं नव्हतं. ते मी म्हटलं होतं. फोन माझ्या कानाशी होता, ओठांवर शब्दही आले होते. आणि मी नुसतं "हं" म्हणाले.

त्यानंतर मी दोनदा कोल्हापूरला जाऊन आले. अण्णा थकलेत, आता सामन्याला जात नाहीत. सरांचा विषय निघाला की अजून म्हणतात, "मीच थांबलो." मी त्यांच्या पानात भात वाढते, आणि त्यांना तसं म्हणू देते.