टीव्हीतल्या घोड्याचं औक्षण

हातातला चहा आधी खाली ठेवा. मागे हा किस्सा सांगितला तेव्हा आमच्या शेजारणीच्या नाकातून चहा आला होता. विषय घोड्याचा आहे, गाढवपणा मात्र सगळा माझा!

दोन हजार पाच-सहाची गोष्ट असेल. आम्ही सिंगापूरला, टॅम्पिनीसमध्ये भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. माझा नवरा अविनाश जुरोंग आयलंडवर इंजिनिअर. त्याचे साहेब अमेरिकन, आणि साहेबांची बायको नॅन्सी थेट केंटकीची. तिकडे मे महिन्यात घोड्यांची मोठी शर्यत असते, डर्बी. त्या दिवशी बायका नटूनथटून, सुपाएवढ्या टोप्या घालून पार्ट्या करतात म्हणे.

नॅन्सीचा भाऊ तिकडे तबेल्यात काम करतो. त्याने लहानाचा मोठा केलेला घोडा त्या वर्षी पहिल्यांदाच डर्बीत धावणार होता. आणि नेमकं नॅन्सीच्या घरी ते चॅनेलच दिसत नव्हतं! बिचारी रडकुंडीला आली होती. आमच्याकडे क्रिकेटपायी घेतलेलं होतं. मी काय, उत्साहाचं भांडार! म्हटलं, पार्टी आमच्याकडेच करू.

तिकडची शनिवारची संध्याकाळ म्हणजे आमची सिंगापूरची रविवारची पहाट. सहाला शर्यत. मी तीनला उठून पुऱ्या लाटायला बसले. मधल्या सुट्टीत पुरी-श्रीखंड आणि निकालानंतर जेवण, असा माझा बेत होता. डर्बीला लागतं म्हणून पुदिन्याचं सरबतही केलं. त्यात तिकडे व्हिस्की घालतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

आता टोपी. बाजारातून बागकामाची भलीमोठी गवती टोपी आणली आणि गणपतीच्या मखराची उरलेली सगळी कापडी फुलं तिच्यावर चढवली. सगळी म्हणजे सगळी! खाली पैठणी, वर ती टोपी. दारातून आडवं होऊन जावं लागत होतं. आमची मुक्ता झोपेतून उठून आली, मला बघितलं आणि म्हणाली, "मम्मी, कॅनॉट ला!" (तिथल्या इंग्रजीत, 'छे, हे चालायचं नाही!') आणि परत झोपायला गेली.

साडेपाचला नॅन्सी, साहेब आणि ऑफिसातली दोन अमेरिकन जोडपी आली. टीव्हीवर घोडे मिरवत होते. भावाचा घोडा दिसला तशी नॅन्सी टचकन रडली. "माझ्या भावाने त्याला बाटलीने दूध पाजलंय," म्हणाली.

मी म्हटलं, लेकरू एवढ्या मोठ्या परीक्षेला निघालंय आणि त्याला साधं कोणी ओवाळलंही नाही? आपल्या घरातून मूल दहावीच्या पेपरलासुद्धा असं जात नाही.

मी आत गेले. तबकात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी घेतली. घोडाच तो, म्हणून साखरेऐवजी गुळाचा खडा घेतला. बाहेर येऊन अविनाशला टीव्हीचा आवाज बंद करायला लावला, पडद्यासमोर उभी राहिले, काचेवर कुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि ओवाळायला सुरुवात केली. वेगाचं काम म्हणून मारुतीचं स्तोत्र म्हणायला घेतलं. अर्धं म्हणून चालत नाही, फलश्रुतीपर्यंत म्हणावं लागतं.

मागे अमेरिकन मंडळी गप्प उभी राहिली. काहीतरी फार पवित्र चाललंय, असं त्यांना वाटलं असणार. अविनाश दबक्या आवाजात म्हणाला, "सुधा, बाजूला हो." मी म्हटलं, हा मेला नेहमीचाच लाजरा. दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा साहेबांनीच त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला गप्प केलं.

स्तोत्र संपलं. मी गूळ टीव्हीपुढे ठेवला, वळले आणि प्रसन्न चेहऱ्याने म्हटलं, "झालं. आता सोडा म्हणावं घोडे!"



"सुटले," अविनाश म्हणाला. "आणि पोचलेही."

"इतक्यात? मग सेकंड इनिंग कधी?"

"पुढच्या मे महिन्यात."

अहो, ती अख्खी शर्यत दोन मिनिटांची असते! मला वाटलं होतं वन-डेसारखी दुपारपर्यंत चालेल. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षभर त्या दोन मिनिटांसाठी जीव टाकलेली बाई माझ्या घरी आली आणि तिने काय बघितलं? माझी पाठ आणि माझी टोपी.

तेवढ्यात नॅन्सीचा मोबाईल वाजला. भावाचाच. फोनवर हात ठेवून तिने मला हळूच विचारलं, "सुधा, तू तर अगदी जवळ होतीस. आमचा कितवा आला?"

आता काय सांगू तिला? "नॅन्सी," म्हटलं, "मी डोळे मिटले होते."

नॅन्सी जी हसत सुटली, ती हसता हसता सोफ्यावर बसलीच. तिने भावाला सांगितलं, थांब, आत्ता परत दाखवतील. मी पदराने काचेवरचं कुंकू पुसलं. तिने माझी टोपी काढून ठेवली आणि मला हाताला धरून शेजारी बसवलं.

घोडा पाचवा आला. पण आम्ही असे ओरडलो की पहिला आलेल्यालाही वाईट वाटलं असतं! नंतर सगळ्यांनी सकाळी सातला श्रीखंड-पुरी हाणली.

ती शर्यत त्यांनी चार वेळा दाखवली आणि चारही वेळा नॅन्सीने माझा हात घट्ट धरून ठेवला होता. किती माया, असं मी कितीतरी दिवस सगळ्यांना सांगत होते. शेवटी अविनाशनेच सांगितलं, की ते मी पुन्हा उठू नये म्हणून होतं.