लाल बिल्ला, दोन पीळ

बसच्या वर्कशॉपमध्ये माझ्या वडिलांना सगळे ‘लालबिल्ला’ म्हणायचे. गाड्यांतून काढलेले ब्रेकचे भाग ते तपासत आणि निकामी भागाला तारेने पत्र्याचा लाल बिल्ला बांधत. बिल्ला असलेला भाग भंगारात, बाकीचे पुन्हा गाडीत. तारेला दोन पीळ द्यायचेच, हा त्यांचा कायदा. “एक पीळ सुटतो गं. दुसरा दिला की निकाल लागला.”

चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यांचा उजवा हात थरथरू लागला. फोरमनकाका चिडवायचे, “कुणाला हात दाखवतोस रे, बस तर गेली!” बाबाही हसायचे.

मग एके दिवशी पीळ बसेना. कुणाला हाक मारायची लाज वाटली, म्हणून त्यांनी बिल्ला भागावर नुसताच ठेवला. तो घसरून पडला आणि भाग गाडीत बसला. गाडी हळू असताना, फाटकापाशीच ब्रेक लागत नसल्याचं ड्रायव्हरच्या ध्यानात आलं, म्हणून निभावलं. बाबा दोन दिवस जेवले नाहीत.

मी पेशींच्या प्रयोगशाळेत काम करते. त्यानंतर बाबांची तपासणी झाली, तिचा अहवाल मीच त्यांना समजावला. पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया बिघडले, की त्यांच्यावर युबिक्विटिन नावाच्या चिमुकल्या प्रथिनाच्या साखळ्या जोडल्या जातात. ती खूण पाहून पेशी त्यांना मोडीत काढते. साखळ्या जोडतं पार्किन नावाचं प्रथिन. बाबांच्या शरीरात तेच जन्मापासून सदोष होतं. बिघडलेला माल आत साचत होता आणि मेंदूतल्या हालचाल सांभाळणाऱ्या पेशी मरत चालल्या होत्या.

“म्हणजे आतला बिल्लेवाला कामावरच येत नाही?”

“नाही येत, बाबा.”

“त्याच्या जागी दुसरा कुणी?”

“अजून तरी नाही.”

“आणि पगार मात्र माझा खातोय, लेकाचा!” ते हसले. उजवा हात त्यांनी मांडीखाली दाबून धरला होता.

दुसऱ्या दिवशी ते मला वर्कशॉपमध्ये घेऊन गेले. खिशातून एक बिल्ला काढून माझ्या हातात दिला. त्यावर वेड्यावाकड्या अक्षरांत त्यांचाच हजेरी नंबर होता.

“माझ्या शर्टाच्या काजात बांध.”

“अरे, पुरे झाली गंमत,” फोरमनकाका म्हणाले. “बस की माझ्याशेजारी नुसता.”

“नुसता ठेवलेला बिल्ला पडतो, साहेब.” मग माझ्याकडे वळून बाबा म्हणाले, “दोन पीळ दे.”

माझी बोटं ठणठणीत होती. एक पीळ दिला. दुसरा देववेना.

बाबांनी खाली पाहिलं आणि स्वतःच तार धरली. ती सुटली. पुन्हा धरली, पुन्हा सुटली. बिल्ला बटणावर टकटक वाजत राहिला. पीळ बसेपर्यंत फोरमनकाका पाठ फिरवून उभे होते.