कोन कोनाले खाते

आमच्या नकाशाच्या टोळीत आमी तिघंच. अमरावतीच्या कॉलेजातल्या मॅडम, गुराखी शालिक, अन् मी रिकामा म्हातारा. पन किस्से इतके, का एक सांगाले बसलो तं दुसरा आंगावर येते!

झालं असं, अकोटकडच्या आमच्या गावात ई-क्लासच्या जागेवर, म्हंजे गुरं चरतात त्या पडितावर, जेसीबी फिरवाचा सरपंचानं घाट घातला. ग्रामसभेत ठरनार होतं. पडित गेलं तं शालिक गुरं घेऊन जाइन कुठं? मले एका जागी बसवे ना!

*

सभेत दाखवाले मॅडमनं शाळेच्या भिंतीवर मोठा कागद लावला, तोच आमचा नकाशा. पडितातल्या जनावरायचे फोटो, अन् कोन कोनाले खाते त्याचे दोरे.

"काका, रानडुक्कर काय खातं?"

"हरभरा, तूर, भुईमूग... जे पेरान ते!"

"आणि डुकराला कोण खातं?"

"हळू बोला मॅडम, फारेस्टवाले ऐकतीन!"

*

मॅडम जेवाले गेल्या का मी हळूच दोरा फिरवला. ससा बिबट्याले खाते!

शालिक कागदापुढं लय वेळ उभा. मंग म्हने, "तरीच! यंदा बिबट दिसून नाही राह्यला!"

*

"कोणी राहिलं का?" मॅडमनं इचारलं.

"सारे आले," शालिक म्हने.

सभेच्या सकाळी शाळा उघडली, तं अर्धा कागद गायब. वाळवी! मॅडम रडकुंडीले आल्या.

शालिक डोकं खाजवत म्हने, "हे एक राह्यली होती."

*

कागद नाही, अन् सभा दुपारी! मी पळत जाऊन सुतळीचं बंडल आनलं. म्हनलं, "मॅडम, फोटो नाही तं मानसं लावू!"

सभा भरली तसं सरपंचाले केलं बाभूळ.

"मीच काहून?"

"तुमी मधात शोभता!"

खूश झाला लेकाचा. त्याच्या बायकोले, मंदाबाईले, शेळी केलं. घोरपड व्हाले कोनी तयार नाही, तं शालिक झाला. कोन कोनावर जगते ते मॅडम सांगत, अन् मी दोघायच्या मनगटाले गाठ मारो. शेळीले बाभळीच्या शेंगा, मार गाठ! तासाभरात अख्खी सभा बांधली.

सरपंच चिडला. "बस झाला खेळ! ज्यायले पडित सपाट कराचं हाय, त्यायनं हात वर करा!"

एक हात वर होईन तं शप्पथ!

मंग त्यानंच जोर लावून सोताचा उचलला. सारी सभा पुढं झुकली. मंदाबाई वरडली,

"अवो, हात खाली घ्या! साऱ्या गावाले पाडता का?"