लाल पाकिटाला मी पगार म्हटलं

सिंगापुरात मी साहेबांना तोंडावर ‘नाही’ म्हणालो, ही गोष्ट मी भाषणांत सांगितली आहे. नागपूरच्या मैदानावर पोरांना खेळ शिकवताना सांगितली आहे. बायकोला तर लग्नाआधीच सांगितली. त्या ‘नाही’च्या वर्षभर आधी मी ‘हो’ म्हणालो होतो. ते आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

आधी अपमान सांगतो. तो सांगायला सोपा आहे.

नव्वदीची मधली वर्षं. साहेबांच्या काँडोत, म्हणजे महागड्या फ्लॅटमध्ये, पार्टी होती. साहेब पुण्याचे. जहाजदुरुस्तीच्या कंपनीत मॅनेजर आणि कंपनीच्या बास्केटबॉल टीमचेही मॅनेजर. टीम दुसऱ्या डिव्हिजनमधली, हौशी खेळाडूंची. म्हणजे खेळण्याचे पैसे कुणालाच नाहीत, असं कागदावर. मी सहा फूट चार इंच. नागपूर विद्यापीठाकडून खेळताना साहेबांनी मला पाहिलं आणि फिटर म्हणून पास, म्हणजे तिथं काम करायचा परवाना, काढून आणलं. पाना मी क्वचितच धरला. मला पगार खेळण्याचाच होता. फक्त तसं कुणी म्हणायचं नाही.

पार्टीत हॉलमधला दिवा गेला. वहिनी स्टूल आणायला निघाल्या.

“स्टूल कशाला?” साहेब म्हणाले. “हा आहे ना!”

मी टाचा उंचावून बल्ब बदलला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एका काकूंनी कौतुकानं विचारलं, “आडनाव काय रे तुझं?”

सांगितलं. काकूंनी साहेबांकडे पाहिलं. मग साहेबच हसले.

“तरीच! यांच्यात मुळातच ताकद असते. डोक्याचं काम आपण करायचं.”

जळका बल्ब हातात धरून मीही हसलो. घरी आलो आणि भिंतीवर हात आपटत बसलो.

टीममध्ये मला माणूस म्हणून वागवणारा एकच, वेई मिंग. पॉलिटेक्निकचा विद्यार्थी, चेंडू खेळवणारा आमचा सगळ्यात चांगला गार्ड. बुकित बातोक नावाच्या वस्तीतल्या साध्या फ्लॅटमधून खेळायला यायचा. मला ‘ब्रदर’ म्हणायचा. चिनी नववर्षाला आमच्या म्हाताऱ्या कोचनी सगळ्या पोरांना पैसे घातलेली लाल पाकिटं दिली. मी माझं तिथंच, त्यांच्यासमोर फाडलं. सगळ्यांचे चेहरे पडले. वेई मिंगनं मला बाजूला ओढलं.

“समोर उघडायचं नाही, लाह!” तो त्याच्या सिंगापुरी ढंगात म्हणाला. “आणि हा काही पगार नाही. सणाचा शकुन आहे. तुझं लग्न झालेलं नाही म्हणून मिळालं. बायको आणलीस की बंद.”

म्हणजे ते पाकीट काय असतं, हे मला नीट माहीत होतं. हे लक्षात ठेवा.

पुढं वेई मिंगला अमेरिकेतल्या एका कॉलेजनं बोलावलं. शिक्षण फुकट, कॉलेजकडून खेळायचं. अट एकच: याआधी खेळण्याचे पैसे घेतलेले नसावेत. तसा गोपनीय फॉर्म कॉलेजकडून थेट टीमकडे आला. मॅनेजरनं भरायचा, सोबत टीममधल्या एका खेळाडूची साक्ष.

साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. फॉर्म भरून तयार होता. वेई मिंगला सणाला लाल पाकिटातून मोबदला दिला जातो, असं त्यात लिहिलं होतं.

“सर, ते तर सणाचं...”

“अमेरिकेत कुणाला कळतंय? तो गेला तर टीम तळाला. टीम गेली तर तुझं इथं काय काम? फिटरचं?” ते हसले. “तुझा पास पुढच्या महिन्यात संपतो ना रे?”

मी पेन घेतलं.

“आडनाव नीट लिही. वाचता आलं पाहिजे.”

मी नीट लिहिलं. त्या टीममध्ये खेळण्याचे पैसे घेणारा मी. न घेणाऱ्यानं घेतले, अशी साक्ष देणाराही मीच.

कॉलेजनं जागा काढून घेतली. वेई मिंग सरावाला आला, माझ्या शेजारी बसला.

“मी प्रोफेशनल आहे म्हणे. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, मग पैसे कुठं आहेत?” हसला. मग हळूच म्हणाला, “ब्रदर, कोण बोललं असेल?”

“काय माहीत,” मी म्हणालो आणि बुटाची नाडी बांधत राहिलो.

पुढच्या मॅचमध्येही त्यानं सगळे पास मलाच दिले.

पुढच्या वर्षी तसाच फॉर्म आला. खेळाडू दुसरा, मजकूर तोच. साहेबांनी पेन पुढं केलं.

“नाही.”

“काय नाही?”

“सही करणार नाही. खोटं आहे ते.”

“तुझा पास कुणाच्या हातात आहे, माहीत आहे ना?”

“आहे.”

महिन्याभरात मी नागपुरात होतो. गोष्ट सांगायला मी इथून सुरुवात करत आलो. टाळ्या इथंच मिळतात.

परवा मैदानावरच्या एका मुलीनं फोनवर बातमी दाखवली. “सर, तिकडं अमेरिकेत आता कॉलेजच्या खेळाडूंना उघड पैसे मिळतात. नियम बदलले.” मला आधी हलकं वाटलं. नियमच चुकीचा होता, मग मी काय केलं? मग स्वतःचीच शिसारी आली. नियम वाईट होता, खरं आहे. पण खोटं नियमानं नव्हतं लिहिलं.

दबलेला होतो म्हणून माझा गुन्हा अर्धा, असं इतकी वर्षं मानत आलो. साहेबांनी माझं आडनाव हसण्यावारी नेलं, त्याचा राग मला आजही आहे आणि तो सोडणार नाही. पण तेच आडनाव मी एका खोट्या कागदाखाली लिहिलं. ते साहेबांनी नाही लिहिलं. माझ्या हातानं लिहिलं.

वेई मिंग अजून बुकित बातोकलाच राहतो, असं टीममधल्या एका जुन्या खेळाडूनं कळवलं. मी जाणार आहे. माफ कर म्हणायला नाही. ते म्हणजे त्याच्याकडून आणखी काहीतरी मागणं. साक्ष देणारा मी होतो, एवढं त्याच्या तोंडावर सांगायचं आहे आणि तेच माझ्या सहीनिशी लिहून त्याच्या हातात द्यायचं आहे. एवढं मी त्याचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.