रिकाम्या टेम्पोचं वजन

ती घटना आठवायला मला डायरी उघडावी लागत नाही. उलट विसरता आली तर बरं, असंच वाटतं. तेव्हा मी रत्नागिरीजवळच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि खरं सांगायचं तर मी कंटाळलो होतो. सकाळी हजेरी, मग अर्ज, पंचनामे, वरून फोन. माणूस मेला तरी आधी कागद शोधायचे.

पावसकडच्या रस्त्यावर एका अरुंद वळणावर सकाळी नऊच्या सुमारास अपघात झाला. गावातल्या शाळेतले एक शिक्षक समोरून येणाऱ्या एसटीला वाट द्यायला आपली छोटी कार थांबवून, ब्रेकवर पाय ठेवून बसले होते. एसटी बाजूने निघून गेली तोच मागून टेम्पो आला, धडकला आणि त्याने कार पुढे ढकलत नेऊन रस्त्याकडेच्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात पाडली. शिक्षक जागीच गेले. आम्ही पोचलो तेव्हा टेम्पो कडेला उभा होता, हौदा रिकामा.

ड्रायव्हर पळाला नव्हता. पस्तिशीचा, अंगाने काटक. माझ्यासमोर हात जोडून म्हणाला, "सायेब, चूक माजी हाय. टेम्पो रिकामा होता, जोरात पळवत होतो. आवरला न्हाय."

आरोपी आपणहून कबूल करतोय म्हटल्यावर पोलिसाला आणखी काय हवं? मी जबाब नोंदवून घेतला आणि चहा मागवला. भरधाव, बेदरकार, एक मृत्यू. या माणसाची काही वर्षं तुरुंगात जाणार हे उघड होतं. पुढची केस हातात घ्यायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

तिसऱ्या दिवशी ठाण्यात एका बाईचा फोन आला. "टेम्पोत जांभ्या दगडाचे चिरे होते. तुम्ही यायच्या आधी दुसऱ्या गाडीत भरून नेले. माझं नाव विचारू नका." फोन बंद.

आमचे हवालदार हसले. "साहेब, उद्या कोणी सांगेल टेम्पोत हत्ती होता!"

तरीही आम्ही ड्रायव्हरच्या वाडीत चौकशी केली. एकानेही तोंड उघडलं नाही. सगळी वाडी एकाच चिरेखाणीवर कामाला. टेम्पोही त्याच खाणमालकाचा. ड्रायव्हरला पुन्हा समोर बसवलं, उलटसुलट विचारलं, दरडावलं. त्याचं एकच पालुपद, रिकामा होता, जोरात होतो.

त्याच दुपारी पासपोर्टच्या पडताळणीसाठी कॉलेजचे एक फिजिक्सचे प्राध्यापक ठाण्यात आले होते. टेबलावर फोटो आणि पंचनाम्याचा नकाशा पसरलेला. मी वैतागून म्हटलं, "सर, ड्रायव्हर म्हणतो टेम्पो रिकामा होता आणि जोरात होता. बघा हो जरा, यातून तुमच्या शास्त्राला काही कळतं का?"

त्यांनी नकाशावर कारच्या टायर घासल्याच्या खुणांची लांबी दोनदा मोजली, मग फोटो डोळ्यांजवळ नेले. "ड्रायव्हर खोटं बोलतोय," ते म्हणाले. "रिकामा टेम्पो आणि ही कार वजनाला उन्नीस-बीस. धडकेनंतर दोघांचा मिळून संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, आधीइतकाच राहतो. म्हणजे रिकाम्या टेम्पोचा निम्मा वेग धडकेतच गेला असता. तरी कार एवढी लांब गेली, तर टेम्पो तुफान वेगात हवा. मग त्यातली निम्मी गतिज ऊर्जा पत्रा चेपण्यात गेली असती. इथे डिकी जेमतेम दबली आहे. हा टेम्पो हळू होता साहेब, आणि प्रचंड जड."

मला लाज वाटली. त्या खुणा मीच मोजल्या होत्या, पण त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं.

ड्रायव्हरला बोलावलं. या वेळी आवाज चढवला नाही. फोटो पुढे ठेवून म्हटलं, "तू जोरात नव्हतास. तू टेम्पो थांबवायला बघत होतास. हो ना रे?"

त्याने फोटो जवळ ओढला आणि त्याला हुंदका फुटला. "दोन्ही पाय देऊन उभा राहिलो व्हतो बिरेकवर, सायेब. गुरुजी समोर दिसत व्हते. हलू हलू गेला टेम्पो, पन थांबला न्हाय. मालकाला आठ दिस सांगत व्हतो, बिरेक धरत न्हाय, एवढे चिरे नको."

"मग खोटं का बोललास?"

"मालक म्हनला, लोड कळला तर खाण बंद होईल. आत गेलो तर मी एकटा जाईन. खाण बंद झाली तर वाडी काय खाईल?"

अशा माणसावर रागवायचं तरी कसं? मी त्याला पाणी दिलं आणि जबाब नव्याने लिहायला बसलो.

मालकाला अटक झाली. सदोष मनुष्यवधाचं कलम लागलं. ड्रायव्हर सुटला नाही, पण बेदरकार हा शब्द त्याच्या नावापुढून गेला आणि शिक्षाही कमी झाली. खाण काही महिने बंद राहिली. वाडीने त्याच्या घरी जाणं-येणं टाकलं, हेही मला ठाऊक आहे. न्याय झाला असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

या केसने मला शिकवलं ते एवढंच, की कबुली मिळाली की पोलिसाचे डोळे मिटतात. नेमके तेव्हाच उघडे हवेत. पण माझे डोळे त्याच्याही आधीपासून मिटलेले होते. अटकेच्या दिवशी मालक माझ्यासमोर खुर्चीत बसला आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, तो टेम्पो तेवढाच भरून रोज तुमच्या ठाण्यासमोरून जायचा. तुम्ही गॅलरीत चहा घेत उभे असायचात. एकदा तरी हात दाखवलात?"

ते वाक्य मी त्याच्या जबाबात घेतलं नाही.