पाच पाण्यांची कॉफी

त्या क्वार्टरमधली कॉफी बंद केली डॉक्टरने, आणि ती पुन्हा सुरू करायचा हट्ट माझा. मला कोणी सांगितलं नव्हतं. तारापूरला तेव्हा अणुवीज केंद्र उभं राहत होतं. तिथले एक इंजिनियर बोईसरला क्वार्टरमध्ये राहायचे आणि मी दांडीच्या कोळीवाड्यातून कामगारांच्या ट्रकने त्यांच्याकडे स्वैपाकाला जायची. घरात त्यांची विधवा आई. बेळगावकडची, कॉफीवर पोसलेली. मी तिला आजी म्हणायची.

डॉक्टर म्हणाला, छातीत धडधडतं ते कॉफीमुळे, एक घोटही नको. झालं! म्हातारीने जेवण अर्ध्यावर आणलं आणि बोलणं टाकलं. दिवसभर भिंतीकडे तोंड. मला भयंकर संताप आला. माणूस जगवायचं म्हणून त्याला असं वाळवत ठेवायचं, हे कसलं औषध?

साहेबांनी कामावरच्या एका गोऱ्या माणसाकडून कॉफीचा डबा आणला. म्हणे यातलं कॅफीन काढून टाकलंय, तरतरी आणतं ते. मी खोदून खोदून विचारलं, काढतात कसं? त्यांनी सांगितलं, कच्च्या हिरव्या बिया वाफवून फुगवतात, मग एक रसायन लावतात, ते कॅफीन ओढून घेतं. पुन्हा वाफ देऊन रसायन घालवतात आणि मग बिया भाजतात. आजीने त्या कॉफीचा एक घोट घेतला आणि कप सरकवला. तव्याचं धुवण आहे, म्हणाली.

मला वाटलं, हात्तिच्या, एवढंच ना? आमच्याकडे खारवलेला मासा पाणी बदलत बदलत भिजवतात. खार निघून जातो, मासा राहतो. मग कॉफीने काय घोडं मारलंय? साहेब म्हणाले, स्वस्तातल्या कडक जातीत कॅफीन दुप्पट असतं, प्लँटेशन म्हणतात त्या महागातल्या बियांत कमी. मग माटुंग्याहून प्लँटेशनच्याच आणा आणि कच्च्या आणा, असं मी बजावलं. फुटक्या, काळ्या बिया वेचून टाकल्या. बाकीच्या गरम पाण्यात भिजवल्या. पहिलं पाणी हिरवट पिवळं निघालं. अशी पाच पाणी बदलली. अंगणात फडक्यावर वाळत घातल्या तर शेजारीण नाकाला पदर लावून म्हणाली, कोळणीने वाळवलेल्या बिया, बोंबलाचा वास मारणार. मी म्हटलं, मारू दे, तुमाला कोण पाजतंय?

भाजल्या, दळल्या, पूड फिल्टरला लावली. आजीने कप रिकामा केला आणि महिन्याने पहिल्यांदा हसली.

आठवडाभर ती रोज पीत होती. मग एक दिवस साहेबांनी विचारलं, कॅफीन निघालं कशावरून? मी म्हटलं, चाखलं की मी, कडूपणा उतरलाय. ते म्हणाले, अगं, ते जिभेला कळत नाही. मी भडकलेच. तुमच्या डब्यातलं कोणी तपासलं होतं? पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच.

रविवारी तीच पूड दांडीला नेऊन मी लागोपाठ तीन कप प्यायले. चाखण्यापलीकडे जन्मात कधी कॉफी प्यायले नव्हते. दुपारी सासूबरोबर बोंबील वाळत घालताना माझी बोटं थरथरायला लागली. छाती इतकी धडधडत होती की सासूने विचारलं, काय झालंय तुला? कसलं डोंबलाचं निघालंय! कॅफीन आतच होतं.

सोमवारी आजी कप धुऊन वाट बघत बसलेली. तिच्या चेहऱ्यावर तेज आलं होतं. साहेब खूश, शेजारीण गप्प. मी तोंड उघडलं नसतं तर कुणाला कळणार होतं? सांगायचं अगदी जिवावर आलं होतं माझ्या. तरी म्हटलं, "आजी, ते निघालं नाय. मी पिऊन बघितलं."

तिला काहीच नवल वाटलं नाही.

"मला पहिल्याच दिवशी कळलं. छाती माझीच आहे ना? तू गप्प बस आणि कप भर."

म्हणजे आठवडाभर ही बाई धडधड सोसत माझ्यापुढे हसत होती, आणि मी आपली स्वतःवर खूश! असा राग आला, तिचाही आणि माझाही.

"तुमाला मरायचं तर मरा," मी म्हटलं. "माझ्या हातून नाय."

उरलेली सगळी पूड तिच्यादेखत मोरीत ओतली. ती रडली. तुला कामावरून काढायला लावते म्हणाली. काढा म्हटलं, आणि तिच्याशेजारी भिंतीला टेकून बसले, तिचा हात धरून. तिने तो दोनदा हिसडून सोडवला. दोन्ही वेळा मी परत धरला.